शेवटची बस सव्वाचारची

पत्र

ताई,
आम्ही नाशिकचे. ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडला आलो. मी नर्स आहे. हेरफर्डशरमध्ये ब्रोम्यार्डच्या पलीकडे एका खेड्यातल्या नर्सिंग होममध्ये नोकरी आणि तिथेच राहायला जागा. मिस्टर सातपूरला सुपरवायझर होते, इथे पॅकिंगच्या कारखान्यात रात्रपाळी करतात. मुलाला जीसीएसईत, म्हणजे इथल्या दहावीत, गणितात ९ पैकी ८ ग्रेड मिळाली आणि सप्टेंबरपासून तो हेरफर्डला सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, जातो. गणित, फिजिक्स आणि प्रॉडक्ट डिझाइन, असे तीनच विषय! युनिफॉर्म नाही, सरांना चक्क नावाने हाक मारतात, आठवड्याला पंधरा तास वर्ग आणि बाकी सगळे ‘फ्री पीरियड’. पहिल्याच टेस्टला गणितात डी आला. मिस्टर म्हणतात, हा सगळा टाइमपास आहे, याला नाशिकला आजीकडे पाठवू आणि चुलतभाऊ जातो त्या जेईईच्या क्लासला घालू. मुलगा काहीच बोलत नाही. सकाळी सव्वासातच्या कोचने, म्हणजे कॉलेजच्या बसने, जातो, सव्वाचारच्या कोचने परत येतो आणि खोलीत जाऊन बसतो. आमच्या ओळखीच्या एकीला तो दुपारी नदीकाठी एकटाच बसलेला दिसला. आता म्हणतो, गावातल्या पबमध्ये शनिवारी भांडी घासायचं काम मिळतंय, जाऊ का? ताई, यासाठी का आणलं त्याला सातासमुद्रापार?
ता. क. डबा रोज जसाच्या तसा परत येतो. पोळी-भाजी तर त्याला आवडायची.
— ब्रोम्यार्डजवळची एक आई

उत्तर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ताज्या कलमापाशी अडले. त्याच्याकडे शेवटी येते. आधी तुमच्या मिस्टरांचा राग, कारण तो उरकायला सोपा आहे.

मी एकोणीस वर्षं अशाच एका कॉलेजात गणित शिकवलं. हेरफर्डला नव्हे, पण तसंच आजूबाजूच्या पन्नास खेड्यांचं बाजाराचं गाव. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीच्या तोंडावर पहिली टेस्ट व्हायची आणि दरवर्षी जीसीएसईत आठ-नऊ मिळवलेली निम्मी पोरं डी किंवा ई घेऊन पांढरीफटक पडायची. जीसीएसईत आठ मिळवायला हुशारी आणि थोडा सराव पुरतो. ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, बीजगणित हाताला इतकं सवयीचं लागतं की विचार करायला डोकं मोकळं राहावं, आणि ती सवय लागायला नाताळ उजाडतो. डी मनाला लावून घेऊ नका. मार्चमध्येही डी आला तर मला पुन्हा लिहा.

तीन विषय कमी नाहीत. इथलं इयर १२ म्हणजे आपली अकरावी आणि इयर १३ म्हणजे बारावी. एवढ्याशा वयात विषय इतके छाटायचे का, हा वाद इंग्लंडमध्येही जुना आहे आणि मला स्वतःला ही पद्धत जरा घाईची वाटते. पण पद्धत आहे ती अशी. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने सगळी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी नेली, मधल्या वर्षाचे गुण धरणं बंद झालं, त्यामुळे मे-जूनमधल्या काही पेपरांवर दोन वर्षं तोलली जातात. इंजिनिअरिंगला गणित आणि फिजिक्स लागतं. केमिस्ट्री लागते ती मुख्यतः केमिकलवाल्यांना. प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे हस्तकला नव्हे, त्यात साहित्याचे गुणधर्म, यंत्रांची रेखाटनं आणि स्वतः बनवलेली एक अख्खी वस्तू असते. मिस्टरांना एकदा त्याची वही बघू द्या. सातपूरला सुपरवायझर असलेल्या माणसाला ती माझ्यापेक्षा जास्त कळेल.

‘फ्री पीरियड’ हे नावच घोटाळ्याचं आहे. जितके तास वर्गात, साधारण तितकेच तास बाहेर अभ्यासाचे, असा हिशेब कॉलेज धरून चालतं. मुलाला एवढंच सांगा: दिवसातले दोन फ्री पीरियड लायब्ररीत, एकाच ठरलेल्या टेबलावर. घरी येऊन करीन म्हणेल तर ऐकू नका. दोन्ही बाजूंनी खेडोपाडी थांबत जाणाऱ्या कोचमध्ये बसून आलेलं पोर सहा वाजता इंटिग्रेशन करत नाही. सरांना नावाने हाक मारण्याचं म्हणाल, तर मलाही पहिल्या वर्षी प्रत्येक हाकेला कानाला चटका बसायचा. दुसऱ्या वर्षी सवय झाली. वह्या तपासताना मी तितकीच कडक होते.

आता तुमच्या पत्रातली खरी अडचण. तुम्ही ती एका वाक्यात लिहिलीत आणि पुढे गेलात: सव्वाचारची कोच.

खेड्यातल्या सिक्स्थ फॉर्मचं सगळं आयुष्य बसचं वेळापत्रक ठरवतं. माझ्या शेवटच्या तासाला घड्याळात चारला पाच कमी झाले की दप्तरांच्या चेनचा आवाज सुरू व्हायचा. आधी मी चिडायचे. मग लक्षात आलं की चेन नेहमी त्याच आठ-दहा जणांच्या वाजतात, आणि ती सगळी लांबच्या खेड्यांतली. शहरातली पोरं निवांत बसून राहायची, कारण त्यांचं कॉलेज तिथून पुढे सुरू होणार असायचं. फुटबॉल, नाटकाची तालीम, कुणाच्या तरी गॅरेजमधला बँड, नाहीतर एका चिप्सच्या पुड्यावर चौघांनी तासभर काढणं. सोळाव्या वर्षी मैत्री याच फुकट गेलेल्या तासांत होते. तुमचा मुलगा त्या वेळी कोचच्या काचेतून काळोख बघत असतो. नोव्हेंबरात तर चारलाच अंधार.

यात त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. ब्रोम्यार्डला एके काळी रेल्वे होती, ती १९६४ मध्ये बंद झाली. आज अख्ख्या हेरफर्डशरमध्ये चार स्टेशनं आहेत: हेरफर्ड, लेमस्टर, लेडबरी आणि कोलवॉल. कायदा म्हणतो अठरा वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण घ्यायलाच हवं. इंग्लंडमध्ये २०१५ पासून तसं बंधन आहे. पण मुलाला फुकट पोचवायची कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, जबाबदारी सोळाव्या वर्षीच संपते. त्यानंतर कौन्सिलने फक्त ‘आमचं वाहतूक धोरण असं आहे’ हा कागद दरवर्षी काढायचा. शिकलंच पाहिजे आणि पोचायचं ते तुमचं तुम्ही बघा, याला काय म्हणावं? पूर्वी गरजू मुलांना आठवड्याला तीस पौंडांपर्यंत भत्ता मिळायचा, तो इंग्लंडमध्ये २०११ मध्ये बंद केला. गंमत म्हणजे हेरफर्डच्याच वर्गात वेल्सच्या हद्दीतून येणारी मुलं असतात, आणि वेल्सने तो भत्ता चालू ठेवलाय, उलट २०२३ मध्ये आठवड्याला चाळीस पौंड केला. एका बाकावर दोन देश.

या आठवड्यात एक काम करा. कॉलेजच्या स्टुडंट सर्व्हिसेसला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. एक, १६ ते १९ वयाच्या गरजू मुलांसाठी बर्सरी फंड, म्हणजे मदतनिधी, असतो, त्यातून कोचच्या पासला मदत होईल का? शिक्षण हा ‘पब्लिक फंड’ धरला जात नाही, त्यामुळे व्हिसावरच्या ‘पब्लिक फंड मिळणार नाही’ या शिक्क्याला घाबरून फोन टाळू नका. तुमच्या व्हिसावर बर्सरी बसते का तेही तेच सांगतील. दोन, उशिरा परतायला काय सोय आहे? कॉलेजची कोच नसेल तर नेहमीची बस पाहा. तिकिटावर २०२३ पासून दोन पौंडांची मर्यादा होती, २०२५ पासून ती तीन पौंड झाली. ब्रोम्यार्डपर्यंत बस मिळाली की पुढची चार-पाच मैलं कुणीतरी गाडीने आणायला हवं.

आणि ते कुणीतरी म्हणजे आठवड्यातून एकदा त्याचे वडील. बुधवारी बऱ्याच कॉलेजांत दुपारचे वर्ग नसतात, तो वेळ खेळ आणि मंडळांसाठी मोकळा ठेवतात. मुलाने एक काहीतरी निवडावं, मग मित्रांबरोबर रेंगाळावं, आणि रात्रपाळीला निघण्याआधी वडिलांनी त्याला सहा-साडेसहाला हेरफर्डहून आणावं. जाऊन-येऊन दीड तास आणि थोडं पेट्रोल. तिथे नाशिकला क्लासची फी भरणार होतात ना?

मोपेडचा विषय निघेल. सोळाव्या वर्षी एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन पन्नास सीसीची मोपेड चालवता येते, आणि त्याच वयात छोटा ट्रॅक्टरसुद्धा. कॉलेजात ट्रॅक्टरवाले भेटतीलच. पण दोन्ही बाजूंनी झाडांची भिंत असलेल्या, एका गाडीच्या रुंदीच्या त्या रस्त्यांवर डिसेंबरात मोपेड? मी माझ्या मुलाला नाही म्हटलं होतं, तुम्हालाही तेच सांगेन. सतरा पूर्ण झाले की गाडीचे धडे सुरू करा. विम्याचा आकडा बघून भोवळ येईल, पण खेड्यात गाडी ही चैन नाही.

नदीकाठी एकटा बसतो हे वाचून तुम्ही ‘वेळ वाया घालवतो’ असं मनात धरलंत. मी वेगळं वाचलं. शाळेतून कॉलेजात आलेल्या शहरी मुलांचे जुने गट आपोआप सोबत येतात. तुमचा मुलगा अडीच वर्षांत दुसऱ्यांदा नव्याने सुरुवात करतोय. साडेबाराला कँटीनमध्ये ट्रे घेऊन उभं राहिल्यावर कुठल्या टेबलाकडे जायचं, हा प्रश्न सोळाव्या वर्षी व्हेक्टरपेक्षा अवघड असतो. ज्याला उत्तर सापडत नाही तो जेवायलाच जात नाही. कुणी नदीवर जातं, कुणी कॅथीड्रलमध्ये जाऊन बसतं, कुणी संडासात. होय, संडासातही. मी पाहिलंय.

तेव्हा घरी आल्यावर ‘आज अभ्यास काय झाला’ हा प्रश्न महिनाभर बंद. ‘आज जेवायला कोण होतं?’ एवढंच विचारा, तेही चहा करता करता. पहिले दहा दिवस ‘कुणी नाही’ किंवा ‘असंच’ येईल. येऊ द्या. शिवाय प्रत्येक मुलाला एक ट्यूटर नेमलेला असतो. त्याला ईमेल पाठवा की मुलगा दुपारी एकटा असतो असं वाटतं. टेस्टचा उल्लेख त्यात नको. चांगला ट्यूटर गाजावाजा न करता त्याला कुठल्यातरी गटात बसवतो. मुलगा फार गप्प झाला, झोप उडाली, जेवण घरीही तुटलं तर मात्र ट्यूटरवर थांबू नका, सरळ जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, न्या. तुम्ही नर्स आहात, फरक तुम्हाला कळेल.

माझीही एक चूक सांगते. एका मुलाला मी पालकसभेत, त्याच्या वडिलांसमोर, आळशी म्हटलं होतं. मार्चचा महिना, पहिल्या तासाला तो रोज डुलक्या काढायचा. वडील मेंढ्या पाळणारे, हात खरवडलेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की मेंढ्या व्यायला लागल्यात, पोरगं रात्री तीनपासून गोठ्यात असतं, तुमच्या तासाला बसतो तेव्हा त्याचा अर्धा दिवस झालेला असतो. त्यानंतर मी मुलांना पहिल्याच आठवड्यात विचारू लागले: घर किती लांब, घरी काय काम, कोण आणतं-नेतं.

हे आठवलं ते तुमच्या भांड्यांवरून.

पबच्या मोरीतलं काम तुम्हाला लागलं. मिस्टरांना जास्त लागलं असणार. स्वतः पॅकिंगच्या पट्ट्यावर उभं राहायचं ते मुलाला राहावं लागू नये म्हणून, आणि मुलगाच म्हणतो मी भांडी घासतो! समजतं मला. पण इथल्या मुलांत ‘पॉट-वॉश’ला कुणी कमी लेखत नाही. डॉक्टरची मुलं करतात, जमीनदाराची करतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या बोटांना रविवारच्या रोस्टचे ट्रे खरवडून सुरकुत्या असायच्या. स्टीलचं खोल सिंक, वरून लोंबणारा गरम पाण्याचा फवारा, मशीनमधून वाफाळत बाहेर येणारे प्लेटांचे रॅक, आणि शेजारी चिप्स तळता तळता अखंड बडबडणारा स्वयंपाकी. शाळेतलं इंग्रजी आणि या मोरीतलं इंग्रजी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मित्र दुसऱ्यात होतात. वाढपी मुलींपैकी एखादी त्याच्याच कॉलेजातली निघेल. सतरा-अठराच्या कुणाकडे तरी गाडी असेल. खेड्यात अशाच लिफ्ट सापडतात. सोमवारी कँटीनमध्ये तो उभा असेल तेव्हा एका टेबलावरचा एक चेहरा ओळखीचा असेल.

पैशांचंही सांगते. अठराच्या आतल्यांना एप्रिल २०२५ मध्ये किमान दर तासाला ७.५५ पौंड झाला. त्या दराने सहा तासांचे पंचेचाळीस. ते त्याच्याच खात्यात राहू द्या, गाडीच्या धड्यांना लागतील. तुमच्या व्हिसावर आश्रित म्हणून तो काम करू शकतो. पब म्हणून धास्तावू नका. दारू विकत घ्यायला अठरा पूर्ण लागतात, आणि गावातल्या पबमध्ये तर मालक सगळ्यांना ओळखतो. हेरफर्डशर हा सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, मुलूख आहे, सायडर त्याला कुठे ना कुठे भेटणारच. नजरेखाली भेटलेली बरी. अट एकच घाला: फक्त शनिवार, आणि मे-जूनमध्ये सुट्टी. इयर १२ च्या जूनमध्ये कॉलेज आतली परीक्षा घेतं, तिच्यावर आणि शिक्षकांच्या मतावर ‘प्रेडिक्टेड ग्रेड’, म्हणजे शेवटी मिळतील अशा अंदाजी ग्रेड, ठरतात आणि युनिव्हर्सिट्या त्याच बघून जागा देऊ करतात. ती परीक्षा हलक्यात घ्यायची नाही.

जमलं तर यंग फार्मर्स क्लबचंही बघा. शेतकरीच असावं लागतं असं नाही. पहिला क्लब १९२१ मध्ये डेव्हनमध्ये निघाला, आता गावोगावी आहेत. चर्चा, खेळ, नाच, दंगा. नाशिकचा मुलगा दिसला की आधी द्राक्षांबद्दल विचारतील.

आता तुम्ही विचारलंच नाही असं एक, आणि ते डीपेक्षा कितीतरी गंभीर. मुलगा सप्टेंबर २०२७ मध्ये युनिव्हर्सिटीत जाणार, तेव्हा तुम्हाला इथे चारच वर्षं झालेली असतील. इथल्या विद्यार्थ्यांची फी, जी २०२५-२६ ला वर्षाला ९,५३५ पौंड होती, ती मिळायला साधारणपणे कोर्स सुरू होताना कायमच्या वास्तव्याचा हक्क हातात लागतो आणि त्याआधीची सलग तीन वर्षं राहणं लागतं. हक्क नसेल तर परदेशी विद्यार्थ्याची फी, इंजिनिअरिंगला वर्षाला पंचवीस-तीस हजार पौंड सहज, आणि सरकारी कर्जही नाही. कितीतरी मराठी घरांना हे इयर १३ च्या जानेवारीत कळतं आणि मग रडारड होते. कॉलेज फुकट आहे म्हणून पुढेही तसंच असेल, असं वाटत राहतं.

कायमच्या वास्तव्यासाठी आजवर पाच वर्षं पुरत होती. २०२५ मध्ये सरकारने ही मुदत वाढवण्याचा प्रस्ताव मांडलाय, म्हणून ‘एक वर्ष थांबू, २०२८ ला जाऊ’ हा हिशेब डोळे मिटून करू नका. नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला एकदा फी देऊन भेटा. फेसबुकच्या ग्रुपवर विचारू नका. त्यालाच डिग्री अप्रेंटिसशिपचंही विचारा. त्यात कंपनी पगार देते, फीचा भार मुलावर येत नाही आणि शेवटी पदवी मिळते. तिथे मुख्य अट तीन वर्षांच्या वास्तव्याची असते, ती तुमच्या मुलाची ऑगस्ट २०२६ ला पुरी होईल. मात्र अठरानंतर पूर्णवेळ कमावणारा मुलगा आश्रित मानला जाईल का, हा गुंता आहे, आणि तो मी सोडवू नये.

आणि म्हणून नाशिक नको. त्याला आत्ता परत पाठवलंत तर वास्तव्याची साखळी तुटेल आणि उद्या तो परत आला तर मोजणी पहिल्यापासून. शिवाय तिथली अकरावी निम्मी सरलीय. चुलतभाऊ दोन वर्षं ज्या घाण्याला जुंपलाय, त्यात मध्येच हा कसा जुंपणार? मिस्टरांना हे तुम्ही सांगू नका. हा कागद त्यांच्यापुढे ठेवा, माझ्यावर चिडू द्या. आणि बुधवारी गाडीत मुलालाच विचारायला सांगा, तुला काय वाटतं म्हणून. तुमच्या अख्ख्या पत्रात त्याला कुणी विचारल्याचं कुठे आलं नाही.

आता डबा. त्याला पोळी-भाजी आवडायची, अजूनही आवडत असेल. पण तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा उघडून, चमचा काढून, एकट्याने टेबलावर मांडून बसणं त्याला नको असेल. वासाचा प्रश्न त्यातला लहान भाग आहे. बुधवारी डबा देऊच नका, पाच पौंड द्या, कँटीनच्या रांगेत उभा राहू दे. रांगेत बोलणं होतं. बाकी चार दिवस पोळीचे घट्ट रोल करा, आत बटाट्याची सुकी भाजी किंवा अंड्याची भुर्जी, वरून फॉइल. उभ्याउभ्या खाता येतात, कोचकडे पळतानाही. एक नको, तीन द्या. पहिला कुणीतरी मागेलच.